काडतूस पुनर्भरण उपकरणे

काडतूस पुनर्भरण म्हणजे एकदा उडवलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी स्वच्छ करून ती मूळ मापावर आणणे आणि तीत नवा प्राइमर, दारू व गोळी बसवणे. या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या हातयंत्रांना, साच्यांना व मापन साधनांना पुनर्भरण उपकरणे म्हणतात. अमेरिका, कॅनडा यांसारख्या देशांत नेमबाज आणि शिकारी रायफलची काडतुसे घरी भरतात. भारतात परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत शिकारीचा मोठा इतिहास आणि पीकसंरक्षणासाठीच्या बंदुका असल्याने या उपकरणांचे तांत्रिक आणि कायदेशीर असे दोन्ही अंग महत्त्वाचे ठरतात.

कायदेशीर स्थिती

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मधील 'दारूगोळा' ही संज्ञा व्यापक आहे. तयार काडतुसांबरोबरच दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्री यांचाही तीत समावेश होतो. त्यामुळे पुनर्भरणाचे यंत्र रिकामे असले, तरी ते कायद्याच्या कक्षेबाहेर राहत नाही. कलम ३ नुसार दारूगोळा बाळगण्यासाठी आणि कलम ५ नुसार तो तयार करण्यासाठी परवाना लागतो. बंदूक बाळगण्याच्या परवान्यात काडतुसे तयार करण्याची मुभा अंतर्भूत नसते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ चा भंग करून शस्त्रे वा दारूगोळा तयार करण्यास किमान सात वर्षांपासून आजन्म कारावासापर्यंत शिक्षेची तरतूद आहे.

वारसाहक्काने किंवा अन्य कारणाने ताब्यात आलेली शस्त्रे वा दारूगोळा बाळगणे बेकायदेशीर ठरत असेल, तर कलम २१ नुसार ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात.

उपकरणे

पुनर्भरणाचे मुख्य साधन म्हणजे तरफेवर चालणारे दाबयंत्र, म्हणजेच प्रेस. त्यात वर-खाली सरकणारा दट्ट्या, पुंगळीचा तळ धरून ठेवणारी पकड आणि वरच्या बाजूस बसवलेला साचा असतो. एक साचा पुंगळी मूळ मापावर आणतो आणि त्यातील सुई जुना प्राइमर बाहेर ढकलते. दुसरा साचा गोळी ठरावीक खोलीवर बसवतो. याखेरीज दारू मोजण्याचे माप, सूक्ष्म तराजू, व्हर्निअर कॅलिपर आणि पुंगळीची लांबी कापण्याचे साधन लागते.

देखभाल

वापरलेल्या प्राइमरमधून पडणारी राख खरखरीत असते. ती दट्ट्यावर साचल्यास दट्ट्या व त्याची वाट झिजते आणि पुंगळी साच्यात तिरकी जाऊ लागते. म्हणून दट्ट्या पुसून त्यावर तेलाचा पातळ थर दिला जातो. या राखेत शिशाची संयुगे असल्याने ती ओल्या फडक्याने टिपतात आणि कामानंतर हात धुतात.

साच्यांत वंगण आणि पितळेचा कीस साचतो. साचे उघडून धुणे, पूर्ण वाळवणे आणि तेलाचा हात देऊन हवाबंद डब्यात ठेवणे ही नेहमीची पद्धत आहे. पावसाळी दमट हवेत डब्यात ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवली जाते. दारूच्या मापाची टाकी काम संपताच रिकामी केली जाते, कारण दारू प्लॅस्टिकवर परिणाम करते आणि टाकीत कोणत्या प्रकारची दारू उरली आहे याविषयी घोटाळा होऊ शकतो. तराजूचा शून्य प्रत्येक वेळी प्रमाणित वजनाने तपासतात. पंख्याचा वारा, विद्युतदाबातील चढउतार आणि तापमानातील बदल यांमुळे इलेक्ट्रॉनिक तराजूचे वाचन सरकते.

सामान्य दोष

पुंगळी साच्यात अडकणे हा सर्वांत नेहमीचा दोष असून अपुरे वंगण हे त्याचे कारण असते. तरफेवर जोर लावल्यास पुंगळीची कडा तुटते. अशा वेळी साचा यंत्रातून काढून पुंगळीच्या तळाला भोक पाडले जाते, त्यात आटे पाडून बोल्टच्या साहाय्याने ती ओढून काढली जाते. उलटपक्षी, वंगण जास्त झाल्यास पुंगळीच्या खांद्यावर खळगे पडतात. पुंगळीवर उभे ओरखडे दिसल्यास साच्यात खडा अडकला आहे किंवा पितळ चिकटले आहे, असे समजतात.

प्राइमर काढणारी सुई वारंवार वाकत किंवा तुटत असेल, तर ती मध्यावर नसते किंवा पुंगळी बर्डन पद्धतीची असते. बर्डन पुंगळीत मध्यभागी एक छिद्र नसून बाजूला दोन लहान छिद्रे असतात. जुन्या ब्रिटिश लष्करी .३०३ काडतुसांत हीच रचना आढळते.

काही दोष पुंगळीतच असतात. तळाच्या किंचित वर चकाकती कडी दिसणे ही तेथील भिंत पातळ झाल्याची खूण आहे. अशी पुंगळी गोळी उडताना दुभंगू शकते. ती, तसेच मानेला चीर गेलेली पुंगळी, बाद केली जाते.

हवामान आणि पितळ

विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातील ब्रिटिश सैन्याची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठवल्यावर आपोआप तडकत असल्याचे आढळले. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, हवेतील ओलावा आणि घडणीच्या वेळी पितळेत राहिलेला ताण यांच्या एकत्रित परिणामाने हे घडते, असे स्पष्टीकरण १९२१ मध्ये मांडले गेले. या प्रकाराला 'सीझन क्रॅकिंग' असे नाव आहे. पितळ योग्य तापमानाला तापवून ताण घालवणे हा त्यावरचा उपाय आहे. गोठ्यालगत साठवलेल्या पितळेलाही हाच धोका असतो. अमोनियायुक्त द्रवाने पुंगळ्या स्वच्छ करणे याच कारणाने टाळले जाते.

चंद्रपूर व गडचिरोली

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. ताडोबा परिसरात १९३५ मध्येच शिकारबंदी झाली आणि १९५५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. इतरत्र परवान्याने चालणारी शिकार वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर थांबली.

शेतीचे रानडुक्कर, रोही यांपासून रक्षण करण्यासाठी कायद्यात तोंडाकडून भरल्या जाणाऱ्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. स्थानिक बोलीत हिला भरमार बंदूक म्हणतात. तीत दारू, छर्रे व बोळा नळीच्या तोंडातून ठासतात. पुंगळीच नसल्याने पुनर्भरण यंत्राचा तिला उपयोग नाही. परवाना असला, तरी वन्यप्राणी मारण्यासाठी वनविभागाची स्वतंत्र परवानगी लागते.

रायफलची काडतुसे महाराष्ट्रात प्रामुख्याने पुण्याजवळील खडकी (स्थापना १८६९) आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथील आयुध निर्माणींत तयार होतात. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथील चांदा आयुध निर्माणीत मात्र मोठ्या व्यासाचा दारूगोळा भरला जातो. या तिन्ही निर्माणी १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहेत.