करमणुकीसाठी कादंबरी



स्मृतिव्याख्यानाला कादंबरीवाचनाचा विषय, तोही उन्हाळ्याच्या सुट्टीत निव्वळ करमणुकीसाठी केलेल्या वाचनाचा, हे काहींना थोडे हलके वाटेल. निमंत्रण घेऊन आलेल्या मंडळींच्या चेहऱ्यावरही मला तो भाव दिसला होता. त्यांना मी दोष देत नाही. हा संकोच मराठी कादंबरीच्या जन्मापासून तिच्या पाठीशी लागलेला आहे, आणि त्याचाच थोडा इतिहास आज आपणांपुढे मांडावा असा माझा विचार आहे.

आपल्या बऱ्हाणपुरात एकाच गल्लीत एका घरी ‘उपन्यास’ वाचला जातो आणि शेजारच्या घरी ‘कादंबरी’. पुस्तक तसेच, वाचणाराही तसाच. नाव तेवढे निराळे. आपल्या पूर्वसूरींनी प्रारंभी इंग्रजी शब्दाचे ‘नावल’ असे रूपही वापरून पाहिले. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली या वाङ्मयप्रकाराची चिकित्सा केली, तेव्हा त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात ‘नावल’ हाच शब्द होता. पुढे टिकला तो ‘कादंबरी’. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या नायिकेचे नाव मराठीने उचलले आणि साऱ्या प्रकारालाच देऊन टाकले. संस्कृतात या शब्दाचा आणखी एक अर्थ मद्य असा आहे. गेल्या शतकाच्या आरंभीच्या वडीलधाऱ्यांना हा दुसरा अर्थच अधिक पटला असावा, असे त्यांचे कादंबरीविषयीचे धोरण पाहता वाटते.

या धोरणाचा परिणाम असा झाला की कादंबरीकारांना आपल्या लेखनाचे काही तरी निमित्त सांगावे लागे. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आले. यमुना पतीसह प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांची दुःस्थिती पाहते, आणि त्या दुःखाच्या आधारे लेखक आपला धर्मविचार मांडतो. हेतू गंभीर होता, निरीक्षण खरे होते. पण ज्याला रंजन म्हणतात ते त्या लेखकाला नको होते. त्यानंतर लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ त्याच दशकात प्रसिद्ध झाली. तेथे रंजन भरपूर, मात्र त्या राजपुत्रांना आणि राजकन्यांना आपल्या जगाशी काही कर्तव्य नव्हते. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनी ‘मोचनगड’मध्ये (१८७१) शिवकाल आणला आणि कादंबरीचे पाय मराठी मातीला लागले. एका बाजूला बोध, दुसऱ्या बाजूला करमणूक, आणि दोघींचे एकमेकींशी बोलणे नाही, अशी ही अवस्था होती.

ही फारकत ज्याने मोडली तो माणूस जन्माने आपल्या खानदेशचा. हरि नारायण आपटे १८६४ साली पारोळे येथे जन्मले. त्यांचे पुढचे आयुष्य पुण्यात गेले, आणि १८९० साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी एक साप्ताहिक काढले. त्याचे नाव त्यांनी ठेवले ‘करमणूक’. या नावाकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही, असे मला वाटते. तो काळ सामाजिक सुधारणा आधी की राजकीय आधी, या वादाने तापलेला होता. पुण्यातील पत्रांची नावे पाहा: ‘केसरी’, ‘सुधारक’. त्यांच्या पंक्तीत हरिभाऊ आपल्या पत्राच्या कपाळावर ‘करमणूक’ असे लिहितात आणि लाजत नाहीत. याला धैर्य लागते.

आणि या ‘करमणुकी’त पहिल्याच वर्षी क्रमशः सुरू झाली ती कोणती कादंबरी? ‘पण लक्षात कोण घेतो!’. एका मध्यमवर्गीय घरातील मुलगी, यमू, आपलीच हकिकत सांगते: बाळपण, सासर, नवऱ्याच्या उत्तेजनाने लाभलेली विद्या, चार दिवसांचे सुख, वैधव्य आणि सक्तीचे केशवपन. पदमनजींची नायिका यमुना आणि हरिभाऊंचीही यमुनाच. दोघांचा विषयही मुळात एकच. तेहतीस वर्षांच्या अंतराने तोच प्रश्न एकाने उपदेशासाठी लिहिला, दुसऱ्याने करमणूक म्हणवणाऱ्या पत्रात लिहिला. आज पहिली यमुना अभ्यासकांच्या टिपांत आहे. दुसरी अजून माजघरात बसून वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणते. साप्ताहिकाचा अंक यायचा, एकाने वाचायचे आणि घराने ऐकायचे. मग पुढच्या अंकापर्यंत यमूचे काय होणार याची काळजी करायची. आठवड्या-आठवड्याने वाट पाहण्यात वाचकाने यमूला आपल्या घरातली केले. ही किमया रंजनाची. व्याख्यानांनी ती झाली नसती, हे मी व्याख्याता असून म्हणतो.

‘करमणूक’ १९१७ पर्यंत चालले. मध्यंतरी १८९५ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांचे ‘मनोरंजन’ मासिक निघाले होते. त्याचेही नाव बोलके आहे. नाथमाधवांची ‘वीरधवल’ आली आणि वाचनाचे व्यसन म्हणजे काय, ते महाराष्ट्राला कळले. शिकारीच्या वेळी सिंहगडावरून पडून अपंग झालेला हा माणूस पुस्तकांच्या संगतीत लेखनाकडे वळला. अंथरुणावर पडून राहावे लागलेल्याला दुसऱ्याचे मन कसे रमवावे हे अधिक कळत असावे. फडके-खांडेकरांविषयी इतके बोलले गेले आहे की मी त्यात भर घालीत नाही. बाबूराव अर्नाळकरांचे नाव मात्र घेतलेच पाहिजे, कारण त्यांच्या हजारांहून अधिक रहस्यकथांचा उल्लेख वाङ्मयेतिहासात एका ओळीत उरकतात. काळा पहाड आणि झुंजार यांनी जितक्या मुलांना सलग दीडशे पाने वाचायला शिकवले, तितक्यांना आम्हा प्राध्यापकांनी शिकवले की नाही, याची मला शंका आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. १९५६ पूर्वीच्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि त्या राज्यात हिंदीबरोबर मराठीलाही स्थान होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ तिकडे गेला, आपण इकडे राहिलो. मराठी हळूहळू कचेरीतून, मग बहुतेक वर्गांतून मागे सरकली. घरात ती राहिली, पण घरातली भाषा भाजी-भाकरीपुरती होऊ लागते. साठच्या दशकातील माझ्या पिढीची मराठी त्यापुढे गेली याचे एक कारण उन्हाळा. वैशाखात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसे. वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडायचे काम आम्हा मुलांचे, आणि त्याचा मोबदला म्हणून आत्या वाचीत असेल ते ऐकायला मिळे. भुसावळ-जळगावकडून येणाऱ्या पाहुण्यांच्या पेटीत पुस्तके असत. एका रहस्यकथेची शेवटची पाने उंदराने नेली होती. खुनी कोण यावर आम्ही पूर्ण मे महिना वाद घातला. त्या वादातच मी प्रथम युक्तिवादाची मराठी शिकलो.

ज्या शाळेत मी शिकलो, तिथे परीक्षा संपताच मुलांकडची पुस्तके जमा करून कपाटाला कुलूप घालीत. वाचायला वेळ असे तेव्हा पुस्तक नसे, पुस्तक असे तेव्हा वेळ नसे.

ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ १९७२ साली निघाली. ती मी एका एप्रिलमध्ये वाचली. पहिल्या बाजीरावाने २८ एप्रिल १७४० रोजी देह ठेवला तो आपल्याच निमाडात, नर्मदाकाठच्या रावेरखेडीस. त्याच महिन्याचे ऊन खिडकीबाहेर होते. पुण्याच्या वाचकाला ते प्रकरण कल्पनेने गाठावे लागते, आपल्याला घामाने. याउलट, संभाजीराजांच्या चरित्रावरील कादंबरी हाती घेतली की येथील वाचक वेगळ्याच पेचात पडतो. १६८१ मध्ये त्यांच्या फौजेने लुटला तो आपला बहादूरपुरा. मराठी मन फौजेबरोबर दौडते आणि बऱ्हाणपुरी मन दुकानाची फळी लावून आत बसते. मला हा पेच मोलाचा वाटतो. पाठ्यपुस्तकात तो कधी पडला नव्हता.

राहिला आजच्या मुलांचा प्रश्न. आमच्या नातवंडांना मराठी वाचता येत नाही, असे पालक मला सांगतात. बडोद्याच्या किंवा बेळगावच्या ज्या मुलाचे शिक्षण गुजरातीत वा कानडीत होते, त्याच्या बाबतीत ही तक्रार मी समजू शकतो. त्याला लिपीच निराळी शिकावी लागते. बऱ्हाणपूरच्या मुलाला देवनागरी हिंदीने आधीच दिली आहे. ‘ळ’ एवढे एक अक्षर त्याला अनोळखी. चार दुपारी कोणी शेजारी बसून वाचले की तेही ओळखीचे होते. त्यासाठी प्रथम ‘पण लक्षात कोण घेतो!’ देऊ नये. ती भाषा आज जड जाईल. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्यावा, मग झुंजार द्यावा, आणि परीक्षा घेऊ नये. किती समजले, असे विचारूही नये.

या शाळेच्या ग्रंथालयात मराठीची दोन कपाटे आहेत, असे मुख्याध्यापकांनी मघाशी मला दाखवले. त्यांची किल्ली मे महिन्यात कोणाकडे असते, हे विचारायचे मात्र राहून गेले. चहाच्या वेळी विचारीन.