चित्रफितीची साधनचिकित्सा : ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटाचे अवशेष

१. विसाव्या शतकाच्या आरंभकाळाचा इतिहास लिहूं पाहणारास कागदपत्रांखेरीज आणखी एक साधन उपलब्ध आहे. तें म्हणजे चित्रफीत. या साधनाविषयीं दोन टोकांचीं मतें आढळतात. डोळ्यांस प्रत्यक्ष दिसतें तें खोटें कसें असेल, असें म्हणून कांहीं अभ्यासक त्यावर निर्धास्त विसंबतात. कांहीं जण करमणुकीचें साहित्य म्हणून त्याकडे ढुंकूनहि पाहात नाहींत. आमच्या मतें दोन्ही पक्ष त्याज्य होत. पोथी किंवा पत्र ज्या कसोट्यांवर घासून घ्यावयाचें, त्याच कसोट्या फितीसहि लावल्या पाहिजेत. या विधानाच्या समर्थनार्थ दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटाचे अवशेष येथें विचारास घेतले आहेत.

२. प्रथम हानीचा विचार. मुंबईस वॉटसन हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं लुमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. पुढें हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं विलायतेहून कॅमेरा आणवून १८९९ सालीं हँगिंग गार्डनमधील एका कुस्तीचें चित्रण केलें. त्याच सालीं केंब्रिज येथें सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे डिसेंबर १९०१ मध्यें मुंबईस परतले, तेव्हां त्यांच्या स्वागताचेंहि चित्रण सावेदादांनीं केलें. आज या फिती उपलब्ध नाहींत. मूळ पत्र गहाळ व्हावें व दुसऱ्या पत्रांतील उल्लेखावरून तें लिहिलें गेल्याचें कळावें, तशी ही गत आहे. त्या काळची फीत नायट्रेटची असे. ती काळानें चिकट होऊन भुगा होते, आणि एकदां पेटली म्हणजे पाण्याखालींहि जळत राहते. शिवाय फितींतील चांदी काढून घेण्यासाठींहि पुष्कळ फिती मोडींत गेल्या. पुण्यांत ८ जानेवारी २००३ रोजीं लागलेल्या आगींत जुन्या फितींचा मोठा साठा भस्मसात झाला. तात्पर्य, जें उरलें आहे तें योगायोगानें उरलेलें आहे, हें विसरूं नये.

३. ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपट २१ एप्रिल १९१३ रोजीं ऑलिंपिया थिएटरांत निमंत्रितांस दाखविण्यांत आला व ३ मे १९१३ पासून गिरगांवच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लोकांसाठीं सुरू झाला. त्याचीं एकंदर चार रीळें असून लांबी सुमारें ३,७०० फूट होती. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत, ज्याची स्थापना १९६४ सालीं झाली, पहिलें व शेवटचें अशीं दोन रीळें आहेत. मधलीं पानें गळालेली पोथीच ती! परंतु वादाचा खरा मुद्दा निराळा आहे. फाळके यांनीं हाच विषय १९१७ सालीं पुन्हां चित्रित केला, आणि उरलेलीं रीळें १९१३ चीं नसून १९१७ चीं असावींत, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे.

४. हा निर्णय कोणत्या पुराव्यानें व्हावा? पहिला पुरावा फितीच्या कांठाचा. जुन्या विलायती कागदांतील जलचिन्हावरून आपण कागदाचा काळ ठरवितों. तद्वत् कोडॅक कंपनी १९१६ पासून आपल्या फितीच्या कांठावर वर्षदर्शक खुणा छापूं लागली. मात्र या खुणा वीस वर्षांनीं पुन्हां त्याच येत, आणि मूळ फितीची खूण प्रतीवरहि उमटते. सबब आढळलेली खूण मूळ फितीची कीं नकलेची, हें आधीं ठरविलें पाहिजे. खूण मुळींच नसली तर त्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं, कारण फीत दुसऱ्या कारखान्याचीहि असूं शकते. दुसरा पुरावा स्थळाचा. १९१३ च्या चित्रपटाचें काम फाळके यांनीं दादर येथें केलें, व त्याच सालीं त्यांनीं आपला कारखाना नाशिकास नेला. तेव्हां उघड्यावरील दृश्यांतील झाडी, वाटा व इमारती यांची त्या त्या ठिकाणच्या जुन्या छायाचित्रांशीं ताडातोड करणें अगत्याचें आहे. असा निर्णय होईपर्यंत या रीळांखालीं ‘१९१३’ असा नुसता आंकडा छापणें म्हणजे मिती नसलेल्या पत्रास आपल्या सोयीची मिती घालणें होय.

५. दुसरी कसोटी गतीची. हा चित्रपट चाळीस मिनिटांचा होता असें सर्रास लिहिण्यांत येतें. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीच्या एका फुटांत १६ चौकटी मावतात. बोलपटाच्या गतीनें, म्हणजे सेकंदास २४ चौकटी, ३,७०० फूट चालविले तर सुमारें ४१ मिनिटें भरतात. पण मूकपटाच्या काळांत कॅमेरा हातानें फिरवीत व वेग सामान्यतः सेकंदास सोळा चौकटींच्या आसपास असे. त्या हिशेबानें तोच खेळ एका तासाहून थोडा अधिक होतो. जुन्या फितींतील माणसें तुरुतुरु धांवतांना दिसतात, तीहि याच कारणानें. ‘त्या काळचीं माणसें चपळ होतीं’ असें अनुमान त्यावरून कोणी काढूं नये!

६. आतां हीं रीळें निःसंशय सांगतात काय, तें पाहूं. आरंभीं राजा हरिश्चंद्र राणीच्या समक्ष राजपुत्रास धनुर्विद्या शिकवितो. पात्रांची मांडणी व ठेवण पाहतां राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांची आठवण झाल्याशिवाय राहात नाहीं. स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनीं केलेल्या आहेत. १९१३ च्या चित्रपटांत तारामती अण्णा साळुंके हे झाले होते. या धंद्यांत उतरण्यास स्त्री मिळणें त्या वेळीं दुष्कर होतें. लुगडें नेसण्याची तऱ्हा, दागिने, नाटकी हातवारे यांची साक्ष १९१३ व १९१७ या दोन्ही सालांस सारखीच लागू पडते. म्हणजे चित्रपटाचा मूळ पाठ ठरविण्यास जो संशय घातक, तो समाजरीतीच्या अभ्यासास फारसा बाधक नाहीं. प्रश्न कोणता विचारला, यावर साधनाचें मोल अवलंबून असतें.

७. याच्या जोडीस फाळके यांनीं आपल्या कारखान्यांतील कामाचें केलेलें ‘चित्रपट कसे तयार करतात’ हें चित्रण ठेवावें. त्यांत फाळके नटांस शिकवितांना व फीत हाताळतांना दिसतात. हा लेख स्वदस्तुरचा खरा. पण तो मुद्दाम कॅमेऱ्यापुढें करून दाखविलेला आहे. पक्षकाराच्या कैफियतीस आपण जेवढें प्रामाण्य देतों तेवढेंच त्यास द्यावें : कामाची पद्धत स्वीकारावी, आपल्याविषयींचा अभिप्राय तपासून घ्यावा.

८. शेवटीं संग्राहकांस एक विनंति. कोणाच्या संग्रहीं जुन्या फितीचा डबा असल्यास ती फीत यंत्रावर चढवून पाहूं नये, व नायट्रेटची असण्याचा संशय असल्यास घरांत ठेवूं नये. डब्यावरील चिठ्ठी, आंतील कागद व कांठांवरील खुणा यांची नोंद करून, डबा कोणाकडून आला तें लिहून, तो संग्रहालयाच्या स्वाधीन करावा. पोथी धुंडतांना आपण रुमालावरील अक्षरहि टाकून देत नाहीं. डब्यावरील जीर्ण चिठ्ठीस तोच मान दिला, तर १९१३ कीं १९१७ यासारखे वाद पुढें पुराव्यानिशीं मिटूं शकतील.