एकाच आजींच्या दोन फाइल्स : इंग्लंडमध्ये हॉस्पिटल आणि 'सोशल केअर'च्या नोंदी जोडणं इतकं अवघड का ठरलं?

समजा, लंडनमधल्या एका केअर होममध्ये राहणाऱ्या ८२ वर्षांच्या आजी पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि शुक्रवारी संध्याकाळी त्या हॉस्पिटलमधून परत आल्या. हॉस्पिटलने त्यांची रक्त पातळ करणारी गोळी बदलली आहे. केअर होमच्या कपाटात मात्र जुनीच गोळी आहे. रात्रपाळीच्या बाईंच्या हाती एक लिफाफा आलाय. त्यात डिस्चार्जचा कागद असला तर ठीक. नसला तर? फॅमिली डॉक्टरचा दवाखाना सोमवारी उघडणार. दोन्ही गोळ्या दिल्या गेल्या तर रक्तस्रावाचा धोका, दोन्ही थांबल्या तर गुठळी होण्याचा.

म्हणजे माहिती नव्हती असं नाही. ती हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्ये व्यवस्थित होती. फक्त जिला हवी होती, तिला ती दिसत नव्हती. ही दरी बुजवण्यासाठी इंग्लंड गेली वीस-पंचवीस वर्षं धडपडतंय.

सोशल केअर म्हणजे काय?

आंघोळ घालणं, जेवण भरवणं, वेळेवर गोळ्या देणं, अंथरुणावर कूस बदलून देणं. आपल्याकडे हे काम घरची सून, मुलगी किंवा पगारी 'मावशी' करते. इंग्लंडमध्ये ही एक स्वतंत्र सरकारी जबाबदारी आहे आणि तिला 'सोशल केअर' म्हणतात. अपंग व्यक्तींना मदत करणं आणि धोक्यात असलेल्या मुलांचं रक्षण करणं हेही त्यातच येतं.

दोन फाइल्सचं मूळ १९४८ मध्ये आहे. ५ जुलै १९४८ रोजी एनएचएस, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि उपचार सर्वांना मोफत झाले. पण म्हातारपणातला सांभाळ त्यात आला नाही. तो स्थानिक काउन्सिलकडे, म्हणजे आपल्या भाषेत महापालिका किंवा जिल्हा परिषदेकडे गेला. तो सरसकट मोफतही नाही. माणसाची मिळकत पाहून ठरतो. काउन्सिल ही सेवा बहुतेक वेळा खासगी कंपन्या आणि धर्मादाय संस्थांकडून विकत घेते. त्यामुळे एनएचएसचा हिशेब वेगळा, काउन्सिलचा वेगळा, केअर होमचा वेगळा आणि प्रत्येकाचं सॉफ्टवेअरही वेगळं.

ओळख क्रमांकाचंही तेच. एनएचएस प्रत्येकाला १० आकडी क्रमांक देते (आपल्याकडच्या १४ आकडी 'आभा'सारखा). पण काउन्सिलच्या फाइलवर तिचा स्वतःचा नंबर असायचा. नाव आणि जन्मतारीख जुळवून माणूस शोधायचा म्हटलं की गोंधळ ठरलेला. अखेर २०१५ मध्ये कायदा करून आरोग्य आणि प्रौढांच्या सोशल केअरमध्ये एकच क्रमांक वापरणं आणि उपचारासाठी आवश्यक माहिती एकमेकांना देणं बंधनकारक करण्यात आलं.

माहिती न पोहोचल्याने काय होतं?

व्हिक्टोरिया क्लिंबिए हे नाव इंग्लंडमध्ये आजही घेतलं जातं. आयव्हरी कोस्टहून आलेली ही आठ वर्षांची मुलगी २५ फेब्रुवारी २००० रोजी लंडनमध्ये मरण पावली. तिला सांभाळणारी नातेवाईक बाई आणि त्या बाईचा जोडीदार यांनी तिचा छळ केला होता. तिच्या शरीरावर १२८ जखमा आढळल्या.

मरणाआधीच्या काही महिन्यांत ती दोन हॉस्पिटल्समध्ये दाखल झाली होती. अनेक काउन्सिल्सचे समाजसेवा विभाग आणि पोलिसांची बालसंरक्षण पथकं यांच्यापर्यंत तिचं प्रकरण पोहोचलं होतं. हॉस्पिटलमधल्या नर्सना तिच्या अंगावरच्या खुणा खटकल्या, पण त्या धड नोंदवल्या गेल्या नाहीत. प्रत्येकाला वाटलं, पुढचा बघेल. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशी अहवालाने २००३ मध्ये सांगितलं की तिला वाचवण्याच्या किमान १२ संधी हुकल्या होत्या.

यानंतर सरकारने 'कॉन्टॅक्टपॉइंट' नावाची यादी उभारली. इंग्लंडमधल्या सुमारे १.१ कोटी मुलांचं नाव, पत्ता, शाळा, डॉक्टर आणि संबंधित समाजसेवक एका ठिकाणी. प्रकरणाचे तपशील नाहीत, फक्त कोणाला फोन करायचा ते कळावं, एवढाच हेतू. पण ती बघण्याची मुभा तीन लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांना मिळणार होती. म्हणजे मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली यादी चुकीच्या हाती पडली तर? खर्च २२ कोटी ४० लाख पौंड. २००९ मध्ये सुरू झालेली ही यादी नव्या सरकारने ऑगस्ट २०१० मध्ये बंद केली.

मोठे प्रकल्प का कोसळले?

२००२ मध्ये एनएचएसने सगळ्या रुग्णांच्या नोंदी डिजिटल करण्याचा अवाढव्य कार्यक्रम हाती घेतला. अपेक्षित खर्च जवळपास १० अब्ज पौंडांवर गेला आणि २०११ मध्ये तो गुंडाळण्याची घोषणा झाली. हॉस्पिटल्सना काय हवंय हे फारसं न विचारता वरून सॉफ्टवेअर लादलं गेलं, ही त्यावरची मुख्य टीका होती.

पण खरा धडा 'केअर डॉट डेटा'ने दिला. फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी एका केंद्रीय ठिकाणी गोळा करून नियोजन आणि संशोधनासाठी वापरायच्या, अशी ही योजना. जानेवारी २०१४ मध्ये घरोघरी पत्रकं वाटली गेली. पत्रकावर योजनेचं नावही नव्हतं आणि नकार द्यायचा फॉर्मही नव्हता. अनेकांना तर ते मिळालंच नाही; जाहिरातींच्या गठ्ठ्यासोबत कचऱ्यात गेलं असावं. ही माहिती विमा कंपन्यांच्या हाती लागेल का, यावर गदारोळ झाला. फेब्रुवारीत योजना थांबली, जुलै २०१६ मध्ये कायमची बंद झाली.

इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली. आजींची गोळी कोणती हे केअर होमला कळणं ही एक गोष्ट. लाखो आजींच्या गोळ्यांची माहिती संशोधकाला मिळणं ही दुसरी. पहिलीला विरोध करणारे फार थोडे असतात. पण दोन्हींना 'डेटा शेअरिंग' हे एकच नाव मिळाल्यामुळे दुसऱ्या गोष्टीवरच्या रागाचे फटके पहिलीलाही बसले.

मग गोपनीयतेचं काय?

डेम फिओना कॅल्डिकॉट यांच्या समितीने १९९७ मध्ये रुग्णाच्या माहितीबाबत सहा तत्त्वं घालून दिली. गरज असेल तरच वापरा, गरजेपुरतीच वापरा, ज्याला लागते त्यालाच दाखवा, अशी. ही शिस्त इतकी मुरली की कर्मचारी माहिती द्यायलाच बिचकू लागले. 'डेटा प्रोटेक्शन आहे, सांगता येणार नाही' हे उत्तर सोपं होतं. त्यासाठी कोणाची नोकरी जात नव्हती. २०१३ मध्ये कॅल्डिकॉट यांनीच सातवं तत्त्व जोडलं: गोपनीयता राखण्याइतकंच योग्य माणसाला माहिती देणं हेही कर्तव्य असू शकतं. नियम करणाऱ्यानेच नियमाचा अतिरेक झाल्याचं मान्य करणं तसं दुर्मीळच.

लाल पिशवी

२०१५ च्या सुमारास दक्षिण लंडनमधल्या सटन भागात एक साधी युक्ती निघाली. केअर होममधला माणूस हॉस्पिटलला निघाला की त्याच्यासोबत एक लाल पिशवी जाते. त्यात आजारांची आणि औषधांची माहिती, चष्मा, श्रवणयंत्र, बदलायचे कपडे आणि 'मी कोण आहे' हे सांगणारा कागद असतो. परत येताना त्याच पिशवीत डिस्चार्जचा कागद येतो. २०१८ मध्ये एनएचएसने ही पिशवी देशभर वापरण्याचं आवाहन केलं. ती वेळ कशी होती तेही पाहा: त्याच वर्षीच्या एका पाहणीत एनएचएसकडे जवळपास ९,००० फॅक्स मशीन चालू असल्याचं आढळलं होतं आणि नवीन फॅक्स घ्यायला मंत्र्यांना बंदी घालावी लागली.

पिशवीने एक गोष्ट दाखवली. अडचण केवळ तारेची नव्हती, समोरच्याला काय लागतं हे ठाऊक नसण्याची होती. हॉस्पिटलची नोंद निदानाच्या कोडमध्ये असते. केअर होमची नोंद 'रात्री दिवा बंद केला की घाबरतात, डाव्या कानाने ऐकू येत नाही' अशी असते. स्मृतिभ्रंश झालेल्या आजी हॉस्पिटलमध्ये आरडाओरडा करू लागल्या, तर ही दुसरी नोंद डॉक्टरांच्या जास्त कामाची.

आता परिस्थिती काय आहे?

कोविडने बरीच दारं उघडली. मार्च २०२० मध्ये सरकारने माहिती देणं सक्तीचं करणारे आदेश काढले आणि केअर होम्सना एनएचएसचे सुरक्षित ईमेल घाईघाईने दिले गेले. ब्रिस्टल, लीड्स, डॉर्सेट अशा भागांत आधीपासूनच स्थानिक 'शेअर्ड केअर रेकॉर्ड' उभे राहिले होते. आता ते देशभर पसरले आहेत. यात सगळी फाइल सगळ्यांना दिसत नाही. कोण कुठल्या पदावर आहे त्यानुसार पडदे असतात आणि कोणी काय उघडून पाहिलं याची नोंद राहते.

मागे राहिली ती केअर होम्स. २०२१ च्या अखेरीस सोशल केअर संस्थांपैकी सुमारे ४० टक्क्यांकडेच डिजिटल नोंदी होत्या. मार्च २०२४ पर्यंत ८० टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं गेलं. कंपन्यांची सॉफ्टवेअर्स एकमेकांशी बोलली पाहिजेत, यासाठी जून २०२५ मध्ये कायदा झाला. पाठोपाठ जुलैमध्ये सरकारने प्रत्येक रुग्णाची एकच नोंद करण्याचं आश्वासन दिलं.

नातेवाईक इंग्लंडमध्ये असलेल्यांनी एक फरक लक्षात ठेवायला हवा. मे २०१८ पासून तिथे 'नॅशनल डेटा ऑप्ट-आउट' आहे. तो घेतला तर माहिती संशोधन आणि नियोजनासाठी वापरण्यावर मर्यादा येते. उपचार करणाऱ्या डॉक्टर-नर्सना आणि सांभाळ करणाऱ्यांना माहिती मिळणं त्याने थांबत नाही. आजींनी तो घेतला असला, तरी गोळी बदलल्याचं केअर होमला कळवता येतं.