केडगावच्या विहिरी

आजीची दुष्काळाची गोष्ट विहिरीपासून सुरू व्हायची. गोष्ट खरी तिच्या आईची. पणजी मध्य प्रांतातली. 1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी ज्या निराधार मुली आणल्या, त्यांतली एक. पुण्यात तेव्हा प्लेग. एवढ्या पोरी शहरात ठेवता येईनात, म्हणून बाईंनी त्यांना केडगावच्या आपल्या शेतावर नेलं. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दिलेली दहा वर्षांच्या मदतीची हमीही संपत आली होती. अशा मुहूर्तावर मुक्ती मिशन उभं राहिलं.

आजी म्हणे, ‘बाई आधी गुडघे टेकायच्या, मग पहार मागवायच्या.’ पुढे 1900च्या दुष्काळात मुक्तीतल्या विहिरी संध्याकाळी तळ दाखवत आणि सकाळी पुन्हा पाणी देत, असं पणजी सांगे. मामा त्यावर जमिनीतल्या झऱ्यांचं शास्त्र काढी. आजी विचारी, ‘अरे, पण झरा कुणाचा?’ दोघांच्या वादात एक गोष्ट राहूनच जाई: त्या विहिरी कुणीतरी आधी खणून ठेवल्या होत्या.

मला त्या खणवून घेणारीचं नवल वाटतं. 1874च्या दुष्काळात मद्रास इलाख्यात तिचे आईवडील उपासमारीने गेले. मग थोरली बहीण, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा. वडील अनंतशास्त्री डोंगरेही देवावर भरवसा ठेवूनच जगले होते. तीर्थयात्रा, पुराणं, दानधर्म सगळं करून. एवढं पाहिल्यावर लेकीने पुन्हा कुणाच्या भरवशावर शेकडो पोरी पदरात घ्यायच्या? उत्तर झटकन मिळालं नसावं. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला, पण आपण धर्म स्वीकारला तरी खुद्द ख्रिस्त आपल्याला पुढे कैक वर्षांनी भेटला, हे बाईंनीच लिहून ठेवलंय. आमच्या मंडळीत साक्ष देताना मधली ही वर्षं बहुतेक जण गाळतात.

घरात कुणी आजारी पडलं की आजी पेत्राची गोष्ट सांगे. पाण्यावरून चालताना येशूवरची नजर काढून त्याने वाऱ्याकडे पाहिलं आणि बुडू लागला. मुक्तीत मात्र वाऱ्याकडे पाहिल्यावाचून भागत नसणार. रोज हजारावर तोंडं, धान्य, सरपण, आजारी पोरी.

1921च्या जुलैत मनोरमा गेली. बाईंची एकुलती एक मुलगी, मुक्तीचा भार जिच्यावर सोपवायचा ती. इथे विहीर भरल्याची कुठलीच गोष्ट आमच्या घरात नाही. बाई हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणत होत्या. ते काम त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, आणि संपूर्ण बायबल 1924 साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. खिळे जुळवायला तिथल्याच बाया.

पणजीही छापखान्यात असणार, असं मी लहानपणी धरून चाललो होतो. ती होती तेलघाण्यावर. शाईने बोटं काळी करून घेणाऱ्या मैत्रिणींची ती तेव्हा भरपूर थट्टा करायची म्हणे.