एका दिवसाची मजल : बोरघाटाचा रस्ता आणि दुचाकीस्वार

‘मजल दरमजल करीत’ हा शब्दप्रयोग मराठीत आजही चालतो, परंतु मजल हे एकेकाळी अंतराचे माप होते, याचे स्मरण फारसे उरलेले नाही. अरबीतून फारसीमार्गे आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ उतरण्याची जागा असा आहे आणि त्यावरून एका दिवसात ओलांडता येईल एवढी वाट, असा त्याचा दुसरा अर्थ रूढ झाला. कोस मोजता येत असे. मजल मात्र ऋतू, ओझे, जनावर आणि चढ यांवर ठरत असल्याने एकच वाट पावसाळ्यात दोन मजलांची आणि हिवाळ्यात एका मजलेची होई. मुंबईहून पुण्याला एकटा निघालेला मोटरसायकलस्वार आज ही सारी वाट अर्ध्या दिवसात संपवतो; तरीही पनवेल, खोपोली, खंडाळा, वडगाव या त्याच्या वाटेवरील गावांचा क्रम त्या जुन्या हिशेबानेच बसलेला आहे, आणि तो तसा बसण्याचे कारण बोरघाट हे आहे.

कोकणातील खोपोली आणि देशावरील खंडाळा यांच्यामध्ये सह्याद्रीची जी उभी धार आहे, ती चढून जाणारी ही वाट प्राचीन आहे. घाटमाथ्यापासून जवळच असलेली कार्ले आणि भाजे येथील लेणी व्यापारी मार्गांच्या आधाराने वाढली, हे कार्ल्याच्या शिलालेखांत नोंदलेल्या, यवन म्हणवणाऱ्या दात्यांसह दूरदूरच्या दात्यांच्या नावांवरून दिसते. पुढची कित्येक शतके या वाटेवर चाक नव्हते. कोकणातले मीठ वर जाई आणि देशावरचे धान्य खाली येई ते लमाणांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवर. तांडा म्हणजे शेकडो बैलांचा, माणसांसह चालणारा काफिला. बैलाच्या पाठीला रस्त्याची रुंदी लागत नाही, त्यामुळे घाट रुंद करण्याची निकड व्यापाराला भासली नाही. ती प्रथम तोफांना भासली.

इ. स. १७७८ च्या नोव्हेंबरअखेर रघुनाथरावाला पेशवाईवर बसवण्याच्या हेतूने मुंबईकर इंग्रजांचे सैन्य पनवेलच्या बाजूने निघाले. तोफा, दारूगोळा आणि हजारो बैल बोरघाटाने वर चढवण्यात त्याचे आठवड्यांमागून आठवडे गेले, आणि जानेवारी १७७९ च्या पहिल्या पंधरवड्यात ते जेमतेम तळेगावपर्यंत पोहोचले. आजच्या रस्त्याने हे अंतर सुमारे ८० किलोमीटर भरते. दरम्यान कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट हा अधिकारी मारला गेला. शौर्यामुळे मराठ्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ असे नाव दिले आणि शत्रू असूनही त्याचे स्मारक वडगाव येथे टिकले. माघार घेणाऱ्या सैन्याला त्याच वडगावात नामुष्कीचा तह करावा लागला. या पराभवाची कारणे इतिहासकार नेतृत्वातील दुफळीत शोधतात, ते योग्यच आहे. पण घाटाने खाल्लेला काळ हाही पेशव्यांच्या बाजूने लढला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

पेशवाई १८१८ मध्ये संपली, तरी घाटाचा अडसर संपला नव्हता. बिशप हेबर १८२५ मध्ये या वाटेने पुण्यास गेला, तेव्हा मुंबईहून होडीने पनवेल गाठावे आणि तेथून पुढे घोड्यावर किंवा पालखीत बसून जावे, असा परिपाठ होता. घाटाचा चढ एवढा होता की घोडागाडीने तो ओलांडण्याचा विचार कोणी करीत नसे. पालखीच्या प्रवासाला आधी ‘डाक बसवावी’ लागे, म्हणजे ठरावीक टप्प्यांवर ताज्या दमाचे भोई उभे करण्याची आगाऊ व्यवस्था करावी लागे. म्हणजेच एकट्याचा म्हणवला जाणारा प्रवास तेव्हा डझनावारी माणसांच्या खांद्यांवर होत असे. खोपोलीला नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचे मंदिर हे या वाटेवरचे मोठे विसाव्याचे ठिकाण होते, आणि चढणीच्या पायथ्याशी पाण्याची सोय करण्यामागचा त्यांचा व्यवहार घाट चढणाऱ्या कोणालाही सहज उमगेल.

गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत १० नोव्हेंबर १८३० रोजी गाडीरस्ता खुला झाला. कोकण आणि दख्खन यांच्यामधली भिंत या रस्त्याने फोडली, अशी माल्कमची भावना होती, आणि ती अतिशयोक्ती नव्हती; कारण बैलगाडी प्रथमच सरळ घाटमाथ्यावर जाऊ लागली आणि वाहतुकीचे माप ‘बैलाची पाठ’ न राहता ‘गाडी’ हे झाले. रेल्वेने पुढची मजल मारली, पण तुकड्यातुकड्यांनी. लोहमार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आला आणि खंडाळा ते पुणे हा भाग १८५८ मध्ये सुरू झाला. मधला घाट मात्र १८६३ पर्यंत अपुरा असल्याने प्रवासी खोपोलीला आगगाडीतून उतरून पालखीने किंवा तट्टावरून वर जात आणि दुसऱ्या आगगाडीत बसत. पंचवीस बोगद्यांच्या या कामात हजारो मजूर, मुख्यतः साथीच्या रोगांनी, मेले. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदारही १८५९ मध्ये मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवले.

घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळाची कथा याच काळाशी जोडली जाते. इंग्रजांना चढाची योग्य रेषा एका धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याने देशाचे स्वातंत्र्य मागताच त्याला गोळी घालण्यात आली, असे लोक सांगतात. कालका-सिमला मार्गाबाबत भलकू नावाच्या मेंढपाळाने वाट दाखवल्याची अशीच कथा रूढ आहे, तेव्हा दोन्हींकडे शब्दशः इतिहास म्हणून पाहता येत नाही. परंतु अभियंत्यांच्या आधी त्या डोंगराच्या वाटा गुराख्यांना ठाऊक होत्या, एवढे सत्य त्यांत निश्चित आहे. चालक आजही तेथे नाणे टाकून पुढे जातात.

मोटरसायकल या वाटेवर एक स्वस्त आणि बव्हंशी देशी वाहन म्हणून रुळली ती स्वातंत्र्यानंतर. मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे १९५५ पासून एनफिल्ड बुलेट बनू लागली आणि पुढच्या दशकात म्हैसूरची जावा आली. जावासारख्या टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या, इंजिनाला लांब चढ मानवत नसे. ते तापून ‘सीझ’ होण्याच्या, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट अडकण्याच्या भीतीने जाणता स्वार पायथ्याशी आणि माथ्यावर गाडी थांबवी. भोयांनी ज्या ठिकाणी खांदे बदलले, बैलांनी ज्या ठिकाणी पाणी प्यायले, त्याच ठिकाणी इंजिन थंड होऊ लागले. १९८५ च्या सुमारास आलेल्या जपानी तंत्राच्या १०० सीसी गाड्यांनी ही गरज पुष्कळ कमी केली. थांबे मात्र चहा आणि वडापावाच्या निमित्ताने टिकले.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि ९४.५ किलोमीटरच्या या रस्त्यावर दुचाकीला मनाई करण्यात आली. वेगवान वाहतुकीतील अपघातांचा विचार करता ही मनाई समर्थनीय आहे. मात्र जुन्या रस्त्यालगत आकुर्डीला जेथे दशकानुदशके स्कूटरी आणि मोटरसायकली तयार झाल्या, त्याच भागातून निघालेल्या वाहनाला नवा रस्ता बंद असावा, यातील विसंगती नोंदवण्याजोगी आहे. नव्या रस्त्यामुळे चारचाकीवाल्यांना खोपोली हे केवळ फलकावरचे नाव उरले, तर या मनाईमुळे एकट्या दुचाकीस्वाराला पनवेल, खोपोली, शिंग्रोबा, खंडाळा या क्रमानेच जावे लागते.

माल्कमच्या रस्त्याबरोबर १८३० मध्ये बांधलेला खंडाळ्याजवळचा दगडी पूल, ज्याला वेदनाशामक मलमाच्या जाहिरातीवरून पुढे ‘अमृतांजन पूल’ म्हणत, तो द्रुतगती मार्गावरील वाहतुकीला अडथळा ठरतो म्हणून एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीने रस्ता रिकामा असताना, स्फोटाने पाडण्यात आला.