नियंत्रणकक्ष पेटीत कसा मावला

थेट प्रक्षेपण सुटसुटीत झाले ते कॅमेरे लहान झाल्यामुळे, असे सर्रास मानले जाते. इतिहास पाहिला तर कॅमेऱ्याकडे फार तर अर्धे श्रेय जाते. खांद्याला अडकवून फिरण्याजोगा सोनीचा पोर्टापॅक १९६७ मध्येच आला होता. त्यावर चित्रण करून ठेवता येई. पण अनेक कॅमेऱ्यांचा कार्यक्रम जागेवरूनच दाखवायचा, तर ओबी व्हॅनला, म्हणजे गाडीत थाटलेल्या फिरत्या नियंत्रणकक्षाला, त्यानंतरही कित्येक वर्षे पर्याय नव्हता. अडचण वजनाची नव्हती, तालाची होती. अ‍ॅनालॉग चित्र ओळीओळीने रेखले जाते. अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीत एका चित्राच्या ५२५ ओळी. दोन कॅमेरे एका क्षणी एकाच ओळीवर नसतील, तर एकावरून दुसऱ्यावर जाताना पडद्यावरचे चित्र उडते, आणि एक दृश्य हळूहळू दुसऱ्यात मिसळणे तर अशक्यच होते. म्हणून सगळ्या कॅमेऱ्यांना एकाच घड्याळाचे स्पंद तारेने पुरवावे लागत. १२ मे १९३७ रोजी बीबीसीने लंडनच्या हाइड पार्क कॉर्नरवरून सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाची मिरवणूक दाखवली, तेव्हा अवघ्या तीन कॅमेऱ्यांसाठीही फिरता नियंत्रणकक्ष दिमतीला ठेवावा लागला होता.

ही गाठ सुटली ती स्मृतीमुळे, म्हणजे चित्राचे आकड्यांत रूपांतर करून ते क्षणभर साठवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्मृतीमुळे. १९७० च्या दशकात टाइम बेस करेक्टर आले, पुढे अख्खी फ्रेम साठवणारे सिंक्रोनायझर आले. बेताल आलेले चित्र थोपवायचे आणि स्थानिक घड्याळाच्या ठोक्यावर बाहेर सोडायचे, एवढेच त्यांचे काम. पण त्यानेच कॅमेरा घड्याळाच्या तारेतून सुटला. नियंत्रणकक्षाची बाकीची यंत्रे एकत्र आणण्याचे काम १९९० मध्ये न्यूटेक या अमेरिकी कंपनीच्या व्हिडिओ टोस्टरने केले. चार कॅमेऱ्यांपैकी हवा तो निवडणारा स्विचर, शीर्षके लिहिण्याची सोय, दृश्यबदलाच्या करामती आणि त्रिमितीय चित्रांसाठीचे लाइटवेव्ह, हे सगळे त्यात होते. त्यासाठी अमिगा संगणक निवडला गेला याचेही कारण तालातच आहे: त्याचे घड्याळ टीव्हीच्या संकेताशी जुळवता येई.

टोस्टर टेबलावरच्या संगणकात बसे, तो फिरता कुठे होता, असा आक्षेप घेता येईल. तो रास्तही आहे. टेपवरचे चित्र त्याला द्यायचे तर टाइम बेस करेक्टर वेगळा विकत घ्यावा लागे, आणि टोस्टर एनटीएससीपुरताच असल्याने पाल पद्धतीच्या भारतात थेट उपयोगाचा नव्हता. पण यंत्रांची खोली आटोपशीर होऊ शकते हे त्याने सिद्ध केले, आणि २००५ मध्ये त्याच कंपनीचा ट्रायकास्टर हातात उचलून नेण्याइतका झाला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खरी क्रांती इंटरनेटची, पेटीची नव्हे. इंटरनेटने प्रेक्षकापर्यंतचा रस्ता दिला हे निर्विवाद. मात्र त्या रस्त्यावर एकाऐवजी चार कॅमेऱ्यांचा, शीर्षकांसह सजलेला कार्यक्रम धाडण्याची सोय त्याने केली नव्हती. ती पेटीने केली: २०१९ च्या एटेम मिनी या छोट्या स्विचरमध्ये चार एचडीएमआय जोडण्यांपैकी प्रत्येकीवर चित्र तालात आणण्याची व्यवस्था आहे. या स्विचरची किंमत तेव्हा २९५ डॉलर होती. त्या किमतीत माणसांचे श्रम मात्र मोजलेले नाहीत. ओबी व्हॅनमध्ये दिग्दर्शक, कॅमेरे बदलणारा व्हिजन मिक्सर आणि शीर्षके चढवणारा अशी तीन माणसे तीन कामे करत. पेटीपुढे बहुधा एकच बसतो, आणि कोणता कॅमेरा केव्हा घ्यायचा याचा विचार करायला त्याच्याकडे सर्वांत कमी वेळ उरतो.