लोणी भापकर: 'हरवलेलं गाव' या शब्दाची दुरुस्ती

मागे एका एपिसोडमध्ये मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, "पुण्याजवळचं एक हरवलेलं गाव, लोणी भापकर." तेव्हा मी तिथे गेलो नव्हतो. फोटो बघून बोललो होतो. आता जाऊन आलोय, त्यामुळे थोडी दुरुस्ती करायचीय.

जेजुरी, मोरगाव करत आपण सगळेच फिरतो. मोरगावचा गणपती झाला की गाडी परत फिरते. थोडं पुढे गेलं, की बारामती तालुक्यातलं हे गाव लागतं. दुपारी शांतता इतकी, की स्वतःच्याच बुटांचा आवाज मोठा वाटतो.

आधी मल्लिकार्जुनाचं मंदिर. यादवकाळातलं, दगडी, कोरीव खांबांचं. मी 'हेमाडपंताने बांधलं' असंही ठोकून दिलं होतं. हेमाडपंत हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. पण कोरीव दगडी मंदिरं महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० चं. त्यामुळे 'हेमाडपंती' हे शैलीला पडलेलं नाव, बांधणाऱ्याची सही नव्हे.

शेजारी दत्तमंदिर आहे. ते मूळचं विष्णूचं असावं, असं अभ्यासक मानतात. त्याचा पुरावा बाहेरच उभा आहे: यज्ञवराह. वराह म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर माणसाचं शरीर आणि वराहाचं तोंड येतं. इथे तसं नाही. इथे चार पायांवर उभा असलेला अख्खा प्राणी आहे. अंगावर झूल, झुलीवर ओळीने कोरलेल्या विष्णूच्या छोट्या छोट्या मूर्ती. असा पशुरूपातला वराह मध्य प्रदेशात एरणला आणि खजुराहोला आहे, आणि तो बघायला लोक विमानाने जातात. आपल्याकडे तो दुर्मीळ आहे, आणि पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं.

समोर पुष्करणी. खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या, भिंतीत देवांसाठी कोनाडे. मला तर देवळापेक्षा हीच जास्त वेळ धरून बसली. कारण हा भाग जिरायती, पावसाच्या भरवशावरचा. नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५ च्या सुमारास आलं, तेही तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला. इथून जवळच सुपे आहे. १२ मे १८७५ ला तिथल्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं, वह्या काढून जाळल्या. शाळेत 'दख्खनचे दंगे' म्हणून दोन मार्कांना येतं ना, ते इथलं. अशा मुलखात कुणीतरी देवासमोर एवढं पाणी दगडात बांधून ठेवलं होतं.

मग काळभैरवनाथाचं देऊळ. परिसरात वीरगळी. वीरगळ खालून वर वाचायची: तळाला लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. म्हणजे त्याची कीर्ती चंद्र-सूर्य असेपर्यंत. तळाला गाई कोरल्या असतील, तर तो बहुधा गावची गुरं सोडवताना मेला. नाव मात्र बहुतेक वीरगळींवर नसतंच.

तिथे एक आजोबा बसले होते. "कुठनं आलासा?" मी सांगितलं, पुण्याहून, आणि उत्साहाच्या भरात मोबाईलवर माझाच एपिसोड लावून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकला. म्हणाले, "हरवलं कवा? आमी तर हितंच हाय."

मी विषय बदलला. समोरच्या एका वीरगळीचा खालचा टप्पा जमिनीत गेलाय. वर हात जोडलेला वीर दिसतो, पण तो कशासाठी मेला ते मातीखाली. आजोबांना विचारलं, खाली लढाई आहे की गाई? ते म्हणाले, "आमच्या आज्यानं बघितलं आसंल. तू पयल्यांदा चपला तिकडं काढ, मग इचार."

चपला काढल्या. मागच्या एपिसोडच्या वर्णनातून 'हरवलेलं' हा शब्दही काढलाय.